मजकुरातल्या गाठी

आदरणीय हरिराम मारबते सर येत्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरव समितीने माझ्याकडे दोन कामे सोपवली: या गौरवग्रंथासाठी एक लेख, आणि समारंभात सरांना द्यायचे मानपत्र. अशी कामे आनंदाने स्वीकारली, असे लिहायची पद्धत आहे. मी ती स्वीकारली तेव्हा माझी मान धरली होती, चष्म्याचा नंबर नुकताच वाढला होता आणि सत्कार या प्रकाराचाच मला वीट आला होता, हे आधीच सांगून टाकतो. सरांना खोटे चालत नाही, आणि हा लेख त्यांना कुणीतरी वाचून दाखवणारच आहे.

माझा वीट जरा समजून घ्यावा. मी मराठीचा शिक्षक. शहापूरच्या शाळेत लागलो त्याला तीस वर्षे होऊन गेली. या पट्ट्यात कुणी निवृत्त झाले, कुणी साठीला पोचले, कुणी निवडून आले की मानपत्राचा मजकूर लिहायला बोरकर मास्तर. ‘उत्तुंग’, ‘निःस्पृह’, ‘अजातशत्रू’ हे शब्द मी इतक्यांदा लिहिले आहेत की बाजारात वांगी निवडतानाही ते जिभेवर येतात. मजकूर माझा, आणि अक्षर व नक्षी त्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षक मारबते सर यांची. आमची जोडी अशी जमली. पण पहिली भेट मात्र भांडणाची होती.

नोकरीला लागून मला दोन महिने झाले होते. सिहोऱ्याकडच्या एका धान व्यापाऱ्यांच्या एकसष्टीचा सत्कार होता. मुख्याध्यापकांनी नव्या मास्तराची परीक्षा म्हणून मजकूर मला लिहायला लावला. मी जीव ओतला. एका वाक्यात अकरा विशेषणे बसवली आणि कागद चित्रकलेच्या खोलीत नेऊन दिला. सरांनी तो सावकाश वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि होऊन जाते म्हणाले.

तीन आठवड्यांनी मानपत्र पाहिले आणि मी बघतच राहिलो. ‘श्री’ हे अक्षर वीतभर उंच होते. त्याची वेलांटी म्हणजे सारसाची लांब मान, आणि ती मान वळून स्वतःच्याच पंखांत शिरलेली. अक्षराच्या कडेने बारीक लाल ठिपक्यांच्या रांगा. चारही बाजूंना एकमेकींच्या वरून-खालून जाणाऱ्या पट्ट्यांची किनार, जिचे टोक बोट फिरवूनही सापडत नव्हते. हे सगळे डोळे भरून पाहून झाल्यावर मी मजकूर वाचला. अकरापैकी चार विशेषणे गायब होती. ‘दानशूर’ नव्हते. ‘निगर्वी’ नव्हते. त्यांच्या जागी, ओळीतल्या ओळीत, शब्दाच्याच लांबीच्या, सोनेरी वर्खाने भरलेल्या सुरेख गाठी काढलेल्या होत्या.

मी तरातरा चित्रकलेच्या खोलीत गेलो आणि माझा मजकूर कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे काहीबाही बोललो. सर ब्रश धूत होते. त्या माणसाच्या घरी तुम्ही गेले होते का, असे त्यांनी मला विचारले. मी नाही म्हटले. सर गेले होते. घरी चहा घेतला होता आणि निघताना गोदामातल्या हमालांजवळ घटकाभर बसले होते. चार शब्द तिथे गळले.

“मास्तर,” सर म्हणाले, “खोट्या शब्दाले सोनं कायले लावू मी?”

व्यापारी मात्र बेहद्द खूश झाले. एवढी नक्षी आमदारांच्या मानपत्रावरही नाही, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काच लावून त्यांनी ते दुकानात, गल्ल्याच्या बरोबर वर टांगले.

सरांची ही पद्धत मी आज पहिल्यांदा जाहीर करतो आहे. कागदाच्या कडेची किनार सगळ्यांना सारखी. पण मजकुराच्या मध्ये गाठ दिसली तर समजावे, तिथे एक शब्द होता आणि सरांना तो खरा वाटला नाही. मानपत्र जितके नटलेले, तितकी आत गळती जास्त. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. लेखात लिहू का, असे विचारले तेव्हा सर म्हणाले, छापून टाक, पंचाहत्तरीत मले कोन काय करते? तेव्हा ज्यांच्या भिंतीवर सरांच्या हातचे मानपत्र आहे, त्यांना एवढीच विनंती, की लेख अर्धवट सोडून भिंतीकडे जाऊ नये.

माझ्याही मानपत्रात अशी एक गाठ आहे. तिच्याविषयी अकरा वर्षे मी सरांना चकार शब्द विचारला नाही. सरांचे मानपत्र करायला बसलो तेव्हा तीच पुन्हा आडवी आली, म्हणून हा लेख जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे.

आधी सरांच्या कलेविषयी. सर मूळचे सानगडीचे, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातले. वडील जाळी विणत आणि सरांची बोटेही लहानपणापासून त्यातच गुंतलेली. नागपुरात चित्रकलेची पदविका करत असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक परदेशी दिनदर्शिका मिळाली. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या मठांतल्या साधूंनी हाताने लिहून रंगवलेल्या धर्मग्रंथांची पाने तिच्यात छापली होती. बारापैकी अकरा पाने शाबूत, ऑगस्ट फाटलेला. सरांनी ती उराशी धरून सानगडीला आणली आणि वडिलांना दाखवली. वडिलांनी पान उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितले, याच्यात मासा नाही राहनार, गाठच नाही कुठं, नुसतं वरखाली करून राहिला हा मानूस. सर सांगतात, ही कला त्यांना पूर्ण समजली ती त्या क्षणी. पट्टी एकदा वरून गेली की पुढच्या ठिकाणी खालून गेलीच पाहिजे. एवढा एकच नियम. तो कुठे मोडला तर पुढचे सगळे चुकते आणि किनार मिटत नाही.

त्या अकरा पानांवर सरांनी चाळीस वर्षे काम केले. साधूंच्या कुत्र्या-सिंहांच्या जागी आमच्याकडचे सारस, मरळ मासे आणि धानाच्या लोंब्या आणल्या. शिरोरेषेला माशाचे शरीर दिले आणि अक्षरे तिला लटकवली. परदेशी रंग मिळत नव्हते, तेव्हा गेरू आणि कपड्यांची नीळ वापरली. वर्ख चिकटवायला जंगलातला धावड्याचा डिंक घेतला आणि वर्ख घोटायला कवडी. पुढे मोबाइल आले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना फाटलेल्या ऑगस्टचे चित्र शोधून देतो म्हटले. सरांनी थोडा विचार केला आणि नको म्हणाले. एवढी वर्षे मी ते पान मनातच काढून राहिलो, आता पाहिलं आन् ते साधंच निघालं तं, अशी त्यांना भीती होती.

सरांच्या नेकीचा त्रास त्यांना स्वतःलाही झाला. सानगडीच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई निवृत्त झाल्या. मजकूर मीच लिहिला होता आणि, माझ्या सवयीप्रमाणे, दाबून लिहिला होता. सर नेहमीसारखे चौकशीला गेले. चार घरी विचारले, दहा घरी विचारले, आणि माझा एकही शब्द गळला नाही. मानपत्र तयार झाले ते साधेसुधे, ओळीत एकही गाठ नाही. समारंभात बाईंनी ते उलगडून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्याच मंचावर एका साहेबांनाही मानपत्र मिळाले होते, आणि त्यांचे सोन्याने लखलखत होते. बाईंना वाटले, आपण परिचारिका म्हणून आपल्याला कमी लेखले. सरांना खरे कारण सांगता येईना. मग ते लागोपाठ तीन रविवार बाईंच्या घरी गेले, सोन्याचे काम जरा राहून गेले होते असे सांगून ओसरीवर बसले, आणि ‘श्री’च्या सारसाचे एकेक पीस सोन्याने भरून आले. बाईंच्या घरची भजी फार चांगली होती, एवढेच त्यांनी मला येऊन सांगितले.

रविवारांवरून आठवले. माझे वडील अर्धांगवायूने सहा वर्षे अंथरुणावर होते. पहाटे उठून त्यांचे सगळे करायचे, शाळा करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. बायको दिवसभर त्यांच्यापाशी असे, तीही पिचून गेली होती. एका रविवारी सर हातात अर्धे विणलेले जाळे घेऊन आले आणि वडिलांच्या खाटेशी बसले. मी चहाचे विचारले तर म्हणाले, चहा नको, तू जा, झोप. सासऱ्यांना मी पाहतो म्हणून माझ्या बायकोलाही त्यांनी माहेरी पाठवले. त्यानंतर वडील जाईपर्यंत सरांचा रविवार आमच्याकडे असे. ते जाळे विणत बसत, वडिलांना पाणी पाजत, कूस बदलून देत, आणि मी शेजारच्या खोलीत दुपार उलटेपर्यंत झोपत असे. आयुष्यात माझ्यावर कुणी इतके मोठे उपकार केलेले नाहीत.

म्हणूनच पुढचे मनाला लागले. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका शिक्षक संघटनेने मला आदर्श शिक्षक म्हणून पुरस्कार दिला. मजकूर मुख्याध्यापकांनी लिहिला होता आणि मला आधी दाखवला होता. त्यात एक ओळ होती, ‘अथक परिश्रमांनी शाळेचे नाव उंचावणारे’. मानपत्र अर्थातच मारबते सरांनी केले. मंचावर ते हातात आले, मी उलगडले, आणि माझी नजर सगळ्यात आधी ओळींमधून फिरली, कारण मला ठाऊक होते काय पाहायचे. ‘परिश्रमांनी’च्या आधी एक गाठ होती. सुंदर होती. सरांनी तिच्यासाठी चांगले चार दिवस घालवले असणार.

मी ते तिथेच गुंडाळून घेतले. ज्यांनी सहा वर्षे माझी धावपळ जवळून पाहिली, त्यांनाच माझे कष्ट कमी वाटले. वडिलांच्या आजारपणात मी वर्गात डुलक्या घेत होतो, वह्या तपासायला उशीर करत होतो, ते सगळे त्यांनी मनात धरून ठेवले होते, असे मी समजलो. घरी आल्यावर बायकोने मानपत्र भिंतीवर लावायला खिळा आणला. मी म्हटले, भिंतीला ओल आहे, खराब होईल. मानपत्र गुंडाळून पेटीत गेले. सरांशी येणे-जाणे, काम, सगळे तसेच चालू राहिले. उलट त्यानंतरच मी त्यांच्याकडून ठिपके टाकायला आणि पट्ट्या विणायला शिकलो. पण ती गोष्ट मी काढली नाही, आणि त्यांनीही नाही.

आता तीन वर्षांपासून सरांची नजर गेली आहे. पूर्ण नाही. डोळ्यांच्या मधला भाग विझला आहे, कडेकडेचे दिसते. तुह्या तोंडाऐवजी कान दिसते मले, असे ते सांगतात आणि स्वतःच हसतात. ब्रश खाली ठेवावा लागला. त्यांच्या हातची कामे माझ्याकडे आली, आणि आता त्यांचे स्वतःचे मानपत्रही.

समितीतल्या तरुण मंडळींचे म्हणणे होते की अशी आयरिश किनार संगणकावर अर्ध्या तासात होते. एकाने करूनही आणली. कोपऱ्यात पट्टी कापून जोडली होती, धागा तिथेच तुटत होता. मी ती परत दिली आणि जरा जास्तच बोललो, त्याबद्दल क्षमा मागतो. मग चार महिने मी रोज सकाळी शाळेआधी पडवीत बसलो. पेन्सिलीने ठिपक्यांची जाळी, तीवर पट्ट्या, मग शाई, मग रंग, मग डिंक आणि वर्ख. लाल ठिपके मोजणे मी दुसऱ्याच आठवड्यात सोडले. मान वळेनाशी झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा उपद्व्याप कशाला, असे बायको रोज म्हणत होती आणि तिचे बरोबर होते.

मजकूर माझाच होता, समितीने मान्य केलेला. खाली पोचता पोचता पाचव्या ओळीत आलो आणि हात थांबला. ‘चाळीस वर्षे अथक कलासाधना’. मीच लिहिले होते. सवयीने लिहून गेलो होतो, नेहमीच्या विशेषणांत बसते म्हणून. तीन दिवस मी त्या जागेपुढे बसून उठत होतो. एकीकडे वाटे, पंचाहत्तरीच्या माणसाला एक शब्द द्यायला काय जाते? दुसरीकडे डोळ्यांपुढे माझी पेटीतली गाठ येई. आणि तिसरे म्हणजे, सरांना मी थकलेले पाहिले होते. एका मानपत्रानंतर आठ-आठ दिवस हाताला शेक घेताना, चौकशीला पायपीट करून आल्यावर शाळेच्या बाकावर आडवे झालेले, शेवटी शेवटी भिंग डोळ्याला लावून रडकुंडीला आलेले. चौथ्या दिवशी मी तिथे गाठ घातली. त्यात निम्मा खरेपणा होता आणि निम्मा राग. तुम्ही माझा काढला, मी तुमचा काढतो. हे छापताना लाज वाटते, पण गाळले तर इथेही एक गाठ पडेल.

समारंभाआधी सरांना दाखवल्याशिवाय काम पुरे झाले असे मी मानत नाही, म्हणून सानगडीला गेलो. दुपारची वेळ होती. सर तलावाकडच्या पडवीत खाटेवर बसले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चहा दिला. मी त्यांच्या मांडीवर पाट ठेवून त्यावर मानपत्र पसरले आणि वाचायला लागलो. सरांचे बोट माझ्या आवाजाबरोबर ओळीवरून सरकत होते. डिंकावर बसवलेले सोने बोटाला जरा उंच लागते. पाचव्या ओळीवर मी ‘चाळीस वर्षे’ म्हणून थांबलो आणि बोटही थांबले. ते त्या जागेवर दोनदा पुढेमागे गेले.

“गाठ हाये इथं,” सर म्हणाले. “कोनता शब्द होता?”

“अथक,” मी म्हटले.

सरांनी बोट पुन्हा एकदा गाठीवरून फिरवले. काकू कप उचलायला आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढ्या मोठ्या माणसाला उतारवयात, त्यांच्याच हत्याराने दुखावून बसलो, असे वाटले. तेवढ्यात सरांचे खांदे सैल पडले आणि ते हसले.

“बरं केलं बाबू,” ते म्हणाले. “लय थकलो मी. एवढे लोक येऊन गेले, कोनी म्हनूनच नाही राहिलं.”

मग मला राहवले नाही. गाठ रागाने घातली, तुम्ही अकरा वर्षांपूर्वी माझा हाच शब्द काढला होता, असे मी सगळे ओकून टाकले. सरांना धक्काच बसला. तुला राग आला होता हे मला माहीतच नव्हते, असे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. माझ्या तोंडाऐवजी कानाकडे बघत त्यांनी माझा हात शोधला.

“तुह्या बापापाशी मी बसत होतो, तवा तू बाजूच्या खोलीत पडला राहे,” ते म्हणाले. “सोमवारी पुन्हा शाळेत उभा. मी पाहिलं ना तुले थकताना. थकून थकून केलं तू सारं. त्याले अथक म्हटलं असतं, तं ते थकनं कोनाच्या खाती गेलं असतं?”

मला रडू आले. काकूंनी कप घेतले आणि आत गेल्या. सरांनी माझा हात सोडला नाही, दुसऱ्या हाताचे बोट मात्र किनारीवरून फिरत राहिले, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात अडले. इथे पट्टी लागोपाठ दोनदा वरून गेली आहे, समारंभाआधी नीट कर, असे त्यांनी मला बजावले. मी घरी येऊन पाहिले. गेली होती. ती खरवडून दुरुस्त करायला मला नऊ दिवस लागले.

माझे मानपत्र मी पेटीतून काढून बैठकीत लावले. बायकोने ओलीचे विचारले. भिंतीला ओल कधीच नव्हती, हे तिला त्या दिवशी सांगितले.

राहता राहिल्या शुभेच्छा. सरांनी असेच कार्यरत राहावे, समाजाला त्यांच्याकडून अजून पुष्कळ हवे आहे, अशी वाक्ये मी आजवर ढिगाने लिहिली. सरांसाठी लिहिणार नाही. त्यांना खूप वर्षे मिळोत. प्रकृती ठणठणीत राहो आणि कडेकडेचे दिसते तेवढे तरी दिसत राहो. तलावाकडच्या पडवीत रोज दुपारी पाठ टेकली की त्यांना गाढ झोप लागो. आणि तेव्हा कुणी मानपत्राचा कागद घेऊन दारात आले, मग तो मी का असेना, तर काकूंनी बिनदिक्कत सांगावे, सर थकले आहेत, जेवून झोपले आहेत, उद्या या.